लोणारच्या मंदिराला ज्यांचं नाव मिळालं, ते हेमाडपंत खरं तर दफ्तराचे मुख्य होते

लोणारला गेलात की सरोवराच्या काठावर उभं राहण्याआधी गावातल्या दैत्यसूदनाच्या मंदिरात एक चक्कर होतेच. काळा दगड, भिंतभर कोरीव काम, आत गार अंधार. फोटो निघतो, इन्स्टावर पडतो आणि खाली कॅप्शन ठरलेलं असतं, हेमाडपंती मंदिर.

मेहकरची जुनी धर्मशाळा, हेमाडपंती. चिखली तालुक्यातलं साकेगाव आणि सातगाव भुसारी, हेमाडपंती. मोताळा तालुक्यातलं कोथळी, तेही हेमाडपंती. बुलढाणा जिल्ह्यात काळ्या दगडाचं जुनं काही दिसलं आणि कुणी बांधलं ते माहीत नसलं, की हेमाडपंतांच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं ही पद्धत पडलेली आहे.

फक्त बुलढाणाच कशाला, अख्ख्या महाराष्ट्रात हेच. एवढी मंदिरं एका माणसाने उभी केली असतील तर त्या माणसाला झोपायला वेळ मिळाला नसणार.

तर विषय असा आहे की हेमाडपंत नावाचा माणूस खरोखर होऊन गेला. मोठा माणूस होता. पण तो गवंडी नव्हता, स्थपती नव्हता. तो होता सरकारी कारभाराचा मुख्य. आजच्या भाषेत सांगायचं तर मुख्य सचिव आणि अभिलेख विभागाचा प्रमुख एकाच खुर्चीत.

आणि त्याच्या आयुष्यातली खरी गोष्ट दगडाची नाही, लिखापढीची आहे.

आधी मंदिरांचं निपटून टाकू.

हेमाडपंती म्हणजे चुना न वापरता, दगडाला खाचा पाडून एकमेकांत अडकवत केलेलं बांधकाम. दगडाचं वजनच दगडाला धरून ठेवतं. आता अंबरनाथचं शिवमंदिर बघा. तेही लोक सर्रास हेमाडपंती म्हणतात. पण त्याच्या शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे इसवी सन 1060. हेमाडपंत कारभारात दिसतात ते 1260 नंतर. म्हणजे मंदिर आधी आणि ज्यांचं नाव दिलं ते दोनशे वर्षांनी नंतर. विदर्भातल्या बऱ्याच मंदिरांची गत हीच असावी.

मग नाव पडलं कसं? लोककथा म्हणते की हेमाडपंत लंकेला गेले, तिथे बिभीषणाला बरं केलं आणि बक्षीस म्हणून राक्षस मागून आणले. त्या राक्षसांनी रातोरात मंदिरं बांधली. येताना पंतांनी मोडी लिपी आणली आणि बाजरीचं बीही आणलं. कथा भारी आहे. पण त्यातून एक गोष्ट कळते, की लोकांच्या डोक्यात हा माणूस म्हणजे सगळी व्यवस्था लावून देणारा माणूस होता. मंदिर असो, लिपी असो की पीक असो.

आता खरा माणूस.

संस्कृत ग्रंथांत त्यांचं नाव हेमाद्री असं येतं. वडिलांचं नाव कामदेव, आजोबांचं वासुदेव, पणजोबांचं वामन, गोत्र वत्स. हे सगळं त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय. जन्माची तारीख कुठेच नाही, मृत्यूची नाही. दुसऱ्यांच्या वंशावळ्या आणि तिथ्या सांभाळणाऱ्या माणसाची ही अवस्था.

देवगिरीला तेव्हा यादवांचं राज्य होतं. आधी महादेवराव, 1260-61 ते 1270-71. मग रामचंद्र म्हणजे रामदेवराव, 1271 ते 1311. हेमाडपंत या दोघांच्याही दरबारात होते. त्यांचं पद होतं श्रीकरणाधिप.

हा शब्द नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट या शब्दात आहे.

करण म्हणजे लेखनाचं खातं. राजाने तोंडाने आज्ञा दिली की ती मसुद्यात उतरवायची, राजाच्या नावाने सोडायची, तिची नक्कल ठेवायची. कुठलं गाव कुणाला इनाम दिलं, त्याच्या सीमा काय, कोणता कर माफ, कोणता चालू, हे सगळं करणात. या खात्याचा जो प्रमुख तो श्रीकरणाधिप. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1884 साली दख्खनच्या जुन्या इतिहासावर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी या पदाचा अर्थ असाच लावलाय, राजाचे हुकूम लिहून काढणारा आणि राज्याचं दफ्तर राखणारा.

हाच करण शब्द आपल्या ओळखीच्या एका आडनावात आजही बसलेला आहे. कुलकर्णी. गावपातळीवर हिशेब आणि नोंदी ठेवणारा तो कुलकरणी. हेमाडपंत म्हणजे वरच्या टोकाचे, कुलकर्णी म्हणजे खालच्या टोकाचे. आपल्या वऱ्हाडात या कामाला पटवारी म्हणतात. सरकारने तलाठी म्हणून कितीही पाट्या लावल्या तरी बुलढाण्याच्या खेड्यात आजही पटवारीच विचारतात.

हे खातं किती वजनदार होतं याचा आणखी एक पुरावा. संगीतरत्नाकर हा भारतीय संगीताचा पायाभूत ग्रंथ. तो लिहिणारा शारंगदेव हा यादवांचा राजा सिंघण याच्या दरबारात याच करण खात्याचा अग्रणी होता. म्हणजे दिवसभर हिशेब आणि संध्याकाळी श्रुती-स्वर. देवगिरीच्या दफ्तरात बसणारी माणसं साधी कारकून मंडळी नव्हती.

पण मग एवढ्या विद्वान माणसांची गरज का पडायची? तर भाषेमुळे.

यादवांचं राज्य एका भाषेचं नव्हतं. त्यांचा मोठा मुलूख कृष्णेच्या खाली, कन्नड बोलणारा. तिथल्या दानांचे लेख कन्नडमध्ये आणि यादवांच्या एकूण लेखांमध्ये कन्नड लेखांचा वाटा मोठा आहे. राजाची कीर्ती, वंशाचं वर्णन, देवाची स्तुती, हे संस्कृतमध्ये. आणि गोदावरीच्या दोन्ही काठांवर, खानदेशात, वऱ्हाडात लोक बोलत होते मराठी.

एकच सरकार, भाषा तीन. आता यात गडबड कुठे होऊ शकते ते बघा.

समजा राजाने एका मठाला गाव दिलं. संस्कृतमध्ये सुंदर श्लोक लिहिले, राजा इंद्रासारखा आणि दान समुद्रासारखं. ठीक. पण गावात जो तेली घाणा चालवतो त्याने मठाला किती तेल द्यायचं हे संस्कृत श्लोकात लिहून त्या तेल्याला काय कळणार? त्याला जे कळत नाही ते सांगायला मध्ये कुणीतरी येणार. आणि जो मध्ये येतो तो पळीची अदपाव करू शकतो.

यावर जुन्या कारभाऱ्यांनी एक उपाय काढला होता. चाळीसगावजवळ पाटणला 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा हा लेख. सुरुवात संस्कृतमध्ये. घराण्याची विद्वत्ता, राजांची नावं, सगळं थाटात. पण मठाला कुठून काय उत्पन्न मिळणार, व्यापाऱ्याकडून काय, घाण्यामागे किती तेल, हा भाग आला की लेख चक्क मराठीत येतो.

मानाचं संस्कृतमध्ये, पैशाचं मराठीत. ज्याला द्यायचंय त्याला वाचून दाखवलं की समजलं पाहिजे, एवढा साधा हिशेब.

आणि ज्याला वाचून दाखवूनही समजून घ्यायचं नसेल त्याच्यासाठी गधेगाळ. दान मोडणाऱ्याला मराठीत अशी शिवी की आज छापता यायची नाही, आणि वाचता न येणाऱ्यासाठी तीच शिवी चित्रात कोरलेली. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे लागू. शिलाहार आणि यादवांच्या काळातले असे दगड महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी सापडलेत. नोटीस कोणत्या भाषेत काढायची याचा विचार त्या काळच्या कारभाराने आपल्यापेक्षा जास्त केला होता, असं कधीकधी वाटून जातं.

बरं, लिहिणाराच बदमाश निघाला तर? तोही विचार केलेला होता. याज्ञवल्क्य स्मृतीत नियम आहे की दानाचा लेख देताना राजाने आपल्या पूर्वजांची नावं, घेणाऱ्याचं नाव, जमिनीचं माप, सीमा, तारीख हे सगळं लिहवून त्यावर मुद्रा उठवावी. आणि राजाचा हुकूम लिहिताना जो कमी किंवा जास्त लिहील त्याला सगळ्यात वरच्या श्रेणीचा दंड. मनुस्मृतीत तर खोटं राजशासन तयार करणाऱ्याला थेट देहदंड सांगितलाय. एवढी कडक शिक्षा कागदावर आहे याचा अर्थ खोटे ताम्रपट बनत होते. आणि बनत होतेच, संशोधकांना आजही बनावट ताम्रपट सापडतात.

अशा खात्याच्या डोक्यावर हेमाडपंत बसले होते. गाव कुणाचं हे त्यांच्या खात्यातली ओळ ठरवायची.

आता मोडीकडे येऊ, कारण तुम्ही तेच विचारणार आहात.

मोडी हेमाडपंतांनी शोधली असं शाळेपासून ऐकत आलोय. पुरावा मागितला तर अडचण होते. यादवांचे लेख दगडावर आणि तांब्यावर आहेत आणि ते देवनागरीच्या जुन्या वळणात आहेत किंवा कन्नड लिपीत आहेत. हेमाडपंतांच्या हातचा मोडी कागद अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मोडीचा संबंध फारसीच्या शिकस्ता या धावत्या वळणाशी लावला होता. शिकस्ता म्हणजेही मोडलेलं. बाकी विद्वानांची मतं वेगळी.

पण लोकांनी हे श्रेय गवंड्याला, कवीला किंवा संताला दिलं नाही, दफ्तराच्या मुख्याला दिलं. हे मला बरोबर वाटतं. हात न उचलता, एका दमात, भराभर लिहायची गरज कुणाला? ज्याच्यासमोर हुकमांचा ढीग पडलाय त्याला. मोडी हे कवितेसाठी काढलेलं अक्षर नाहीच, ते ऑफिसचं अक्षर आहे. जवळपास सातशे वर्षांनी, स्वातंत्र्य मिळाल्यावर 1950 च्या दशकात ते ऑफिसातून हद्दपार झालं आणि पुढच्या दोन पिढ्यांत आपल्याला पणजोबांची खरेदीखतं वाचता येईनाशी झाली. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा सरकारला मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली, ते आठवत असेल.

मोडीसारखंच मेस्तकाचं. हेमाडपंती मेस्तक म्हणून कारकुनी शिस्तीची एक नियमावली त्यांच्या नावावर सांगतात. वडीलधाऱ्याला मायना कसा लिहायचा, बरोबरीच्याला कसा, खालच्याला कसा, हिशेब कसा मांडायचा. ती तशीच्या तशी त्यांची असेल असं नाही. पण पुढे मराठेशाहीच्या पत्रांमध्ये मायन्याची जी काटेकोर शिस्त दिसते तिचं मूळ सांगताना जुनी माणसं पंतांचंच नाव घ्यायची.

इथपर्यंत माणूस एकदम सरळ वाटतो. पण 1271 च्या आसपास देवगिरीत एक भानगड झाली.

महादेवराव वारले. गादीवर बसला त्यांचा मुलगा आमणदेव. पण महादेवांच्या आधी राज्य होतं त्यांच्या मोठ्या भावाचं, कान्हरदेव म्हणजे कृष्णदेवांचं. त्यांचा मुलगा रामदेव. त्याचं म्हणणं, गादी माझी. सांगतात की रामदेव नाचगाण्याच्या मंडळीत मिसळून देवगिरीच्या किल्ल्यात शिरला, आत गेल्यावर तलवारी निघाल्या आणि आमणदेव पकडला गेला. त्याचे डोळे काढल्याचं महानुभाव ग्रंथांत येतं.

आता हेमाडपंत कुणाचे? महादेवांचे. आमणदेव महादेवांचा मुलगा. म्हणजे नव्या राजासाठी हा माणूस जुन्या गटातला.

आणि पुढच्याच वर्षी, 1272 चा, ठाण्याला मिळालेला ताम्रपट आहे. कोकणातला अधिकारी अच्युत नायक याने दिलेल्या दानाचा. त्यात राजा रामचंद्र आहे आणि त्याच्या कारभारात सगळ्या करणांचं आधिपत्य असलेला हेमाद्री आहे. वर हत्तीदलाचीही जबाबदारी. शिवाय झाडी मंडळ, म्हणजे पूर्व विदर्भाचा जंगली मुलूख, त्यांनी जिंकल्याचंही त्यात सांगितलंय.

राजा बदलला, सत्तेची उलथापालथ झाली, एका माणसाचे डोळे गेले, आणि दफ्तराचा मुख्य तोच. उलट बढती.

याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. कुणी म्हणेल निष्ठा खुर्चीशी. कुणी म्हणेल राज्य चालवायचं तर गावागावांच्या नोंदी ज्याला माहीत आहेत त्याला काढून चालत नाही, हे रामदेवाला कळत होतं. मला दुसरं जास्त पटतं. तलवारीने किल्ला एका रात्रीत घेता येतो, पण कोणत्या परगण्यातून किती वसूल येतो हे एका रात्रीत पाठ होत नाही.

कारभार करता करता पंतांनी ग्रंथही लिहिले. सगळ्यात मोठा चतुर्वर्गचिंतामणी. व्रतं, दानं, तीर्थं, मोक्ष असे त्याचे खंड. नुसत्या व्रतखंडात शेकडो व्रतं आहेत, कोणत्या तिथीला काय करायचं, काय द्यायचं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नावाची टीका. त्यांच्या आश्रयाला होता बोपदेव, वर्धा नदीच्या काठचा वैदर्भी पंडित, ज्याचं मुग्धबोध व्याकरण पुढे बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं.

विसाव्या शतकातल्या काही इतिहासकारांनी या व्रतखंडावर कडाडून टीका केली. राज्यावर संकट येत होतं आणि हे महाशय तिथी-वार आणि उपासांची यादी करत बसले, असा तो सूर. टीका समजण्यासारखी आहे. पण मला व्रतखंड वाचताना धर्ममार्तंडापेक्षा कारकून जास्त दिसतो. इकडचं तिकडचं सगळं गोळा करून, खाती पाडून, प्रत्येक नोंद आपल्या खान्यात बसवणारा. पुराणांतली वचनं त्यांनी तशीच लावलीत जशी दफ्तरात फाईल लावतात.

याच व्रतखंडाच्या सुरुवातीला त्यांनी एक वंशावळ जोडली, राजप्रशस्ती. दृढप्रहार नावाच्या मूळ पुरुषापासून महादेवापर्यंत यादवांचे सगळे राजे, क्रमाने. भांडारकरांनी ती पोथ्यांवरून तपासून आपल्या पुस्तकाला जोडली आणि ताम्रपटांशी ताडून पाहिली. नावं बऱ्याच अंशी जुळली. स्तुती आहे, अतिशयोक्ती आहे, पण क्रम बनवलेला नाही. तो दफ्तरातून उचललेला आहे. आज आपण यादवांचा इतिहास सलग सांगू शकतो त्यात या एका नोंदीचा मोठा वाटा आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पंतांचं जे लेखन टिकलं ते सगळं संस्कृतमध्ये. ज्या मराठीत त्यांच्या हाताखालच्या माणसांनी रोजचा कारभार केला त्या मराठीतली त्यांची एक ओळ आपल्याकडे नाही.

त्याच वेळी, त्याच मुलखात, बाहेर वेगळंच काही चाललं होतं.

पंढरपूरला 1273 ते 1277 या काळात विठ्ठलाच्या देवळासाठी देणग्या गोळा झाल्या. कुणी किती दिलं याची यादी दगडावर कोरली गेली, तोच चौऱ्याऐंशीचा शिलालेख. मराठीत. त्यात साध्या माणसांबरोबर खुद्द रामदेवरावाचंही नाव.

आणि वऱ्हाड-मराठवाड्यात चक्रधर स्वामी फिरत होते. लोणारला आले, मेहकरला राहिले. बाया, माळी, ब्राह्मण, सगळ्यांशी मराठीत बोलत होते. जातीच्या उतरंडीवर, व्रतवैकल्यांच्या पसाऱ्यावर बोट ठेवत होते. म्हणजे नेमकं जे हेमाडपंत खंडाखंडांत लिहून काढत होते त्याच्या उलट.

हे फार काळ शांततेत चालणार नव्हतं. महानुभावांच्या ग्रंथांनुसार पैठणला चक्रधरांवर अभियोग चालला, त्यांना भयंकर शिक्षा झाली, आणि या सगळ्यामागे जी माणसं होती त्यांत हेमाडपंतांचं नाव पुढे आहे. हे 1270 च्या दशकातलं. महानुभाव परंपरेत हेमाडपंत म्हणजे मंदिरं बांधणारा पुण्यवान नाही, तो छळ करणारा सत्ताधारी आहे.

सरकारी बाजूने या प्रकरणाचा एकही कागद उरलेला नाही. ताम्रपट दानाचे असतात, खटल्याचे नसतात. त्यामुळे पंतांची बाजू त्यांच्याच दफ्तरातून मांडायची सोय नाही.

चक्रधरांच्या बाजूची नोंद मात्र आहे. ती कशी आहे हे ऐकण्यासारखं आहे.

चक्रधर गेल्यावर त्यांचे अनुयायी ऋद्धपूरला, आजच्या अमरावती जिल्ह्यात जमले. नागदेवाचार्य प्रमुख. त्यांच्यातला म्हाइंभट हा मूळचा गाढा संस्कृत पंडित. स्वामींच्या आठवणी विसरल्या जातील ही भीती त्याने घेतली आणि कामाला लागला. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्या सगळ्यांकडे तो गेला. गावोगाव. शेतात काम करणाऱ्याकडे शेतात गेला. जो प्रसंग ज्याने पाहिला त्याच्याकडून ऐकला, लिहून घेतला, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतला. एकाच प्रसंगाबद्दल दोघांचं सांगणं वेगळं निघालं तर त्याने स्वतःच्या मनाने एक ठरवलं नाही, दोन्ही नोंदवली, कुणी काय सांगितलं ते नावानिशी.

भाषा मराठी. म्हाइंभटाला संस्कृत येत नव्हतं म्हणून नव्हे. या पंथात नंतर केशोबासाने संस्कृतात लिहायचं काढलं तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं, कारण तसं झालं तर स्वामींच्या साध्या बायाबापड्या वंचित राहतील. तेलाच्या पळीचा जो न्याय पाटणच्या शिलालेखात लागला होता तोच इथे धर्माच्या बाबतीत लागला.

म्हाइंभटाने लिहिलं ते लीळाचरित्र. मराठीतलं पहिलं चरित्र, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ.

मग आलं 1296.

अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला. रामदेवरावाने किल्ल्याचा आश्रय घेतला. धान्याची पोती आत भरून ठेवली होती, महिनोन्‌महिने पुरतील असा हिशेब. फिरिश्ता नावाचा फारसी इतिहासकार सांगतो की पोती उघडली तर आत मीठ निघालं. फिरिश्ता तीनशे वर्षांनंतर लिहीत होता, त्यामुळे मिठाच्या एकेका पोत्याची शपथ कुणी घेऊ नये. पण राज्याची गोष्ट सांगताना पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी नेमकी हीच गोष्ट लक्षात ठेवली. नोंद एक, माल दुसरा, आणि पोतं उघडून बघणारं कुणी नाही.

त्या वेढ्याच्या हकिकतीत हेमाडपंतांचं नाव कुठेच येत नाही. रामदेवरावाच्या शेवटच्या काळातला, 1310 चा पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट आहे, त्यातला मंत्री पुरुषोत्तम आहे. हेमाडपंत लेखांमधून कधी गेले ते त्यांच्या येण्यासारखंच, तारीख न सांगता.

पुढच्या काही वर्षांत देवगिरीचं राज्यच गेलं. करणातल्या नोंदी, हुकमांच्या नकला, गावांच्या सीमा, सगळं गेलं. जे तांब्यावर आणि दगडावर होतं तेवढं उरलं. नंतर आलेल्या सत्तांनी वरचा कारभार फारसीत नेला आणि खालचा गावाचा हिशेब मात्र मराठीतच राहिला. आपल्याकडचे मोकदम, जमाबंदी, फडणीस हे सगळे शब्द त्या दुसऱ्या दुभाषी काळातले. ती गोष्ट वेगळी आणि लांब आहे.

खिलजींच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथीही हरवली. पण इथे फरक पडला. ती पोथी एका कचेरीत नव्हती, माणसांच्या तोंडी होती. ज्यांना पाठ होती त्यांनी पुन्हा सांगितली, पुन्हा लिहिली गेली. म्हणून तिचे एकापेक्षा जास्त पाठ आहेत आणि ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांमध्ये बंद करून ठेवल्या आणि त्या पाचसहाशे वर्षं मठांबाहेर कुणी वाचल्या नाहीत.

विसाव्या शतकात या पोथ्या उघडून, पाठ ताडून, लीळाचरित्राची छापील आवृत्ती काढणाऱ्या अभ्यासकांत एक मोठं नाव आहे डॉ. विष्णू भिकाजी कोलते. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले ते. त्यांची लीळाचरित्राची आवृत्ती 1978 साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने, म्हणजे सरकारनेच छापली. कोलते 1908 साली जन्मले ते मलकापूर तालुक्यातल्या नरवेल या गावी.

म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातच. जिथे प्रत्येक जुन्या देवळाला हेमाडपंतांचं नाव आहे, त्याच जिल्ह्यातल्या एका माणसाने हेमाडपंतांच्या विरुद्धची साक्ष छापून ठेवली.

मेहकरला गेलात तर त्या जुन्या धर्मशाळेत जरूर बसून या. चक्रधर मेहकरला राहिले होते, हेमाडपंतांच्या दफ्तरात मेहकरची काही ना काही नोंद असणारच. त्या दगडी खांबांवर मात्र दोघांचंही नाव कोरलेलं नाही.